नाव तेच, किंमत तीच, आतला माल?

सप्टेंबर २०१५ मध्ये ॲपलचे आयफोन ६एस आणि ६एस प्लस बाजारात आले आणि पहिल्या तीन दिवसांत दोन्ही मिळून १ कोटी ३० लाखांहून जास्त फोन खपले. फोन चालवणाऱ्या चिपचं नाव होतं ‘ए९’. कॅनडातल्या चिपवर्क्स या कंपनीने काही फोन खोलून आतल्या चिप्सची मापं घेतली, तेव्हा एक अजब गोष्ट पुढे आली. काही फोनमधली ए९ ९६ चौरस मिलिमीटरची होती आणि काहींमधली १०४.५ चौरस मिलिमीटरची. लहान चिप सॅमसंगने बनवलेली, मोठी तैवानच्या टीएसएमसीने. आराखडा ॲपलचाच, पण घडवण्याची कृती निराळी. एकीची १४ नॅनोमीटर म्हणवली जाणारी, दुसरीची १६ नॅनोमीटर. खोक्यावर, बिलावर किंवा जाहिरातीत यातलं अक्षरही नव्हतं. दुकानात पैसे मोजताना आपल्या वाट्याला कुठली चिप आली, हे कळायची सोयच नव्हती.

मग हौशी मंडळी कामाला लागली. दोन्ही जातींचे फोन शेजारी ठेवून चाचण्या सुरू झाल्या. बॅटरीचा कस पाहणाऱ्या काही चाचण्यांत सॅमसंगची चिप असलेले फोन जवळजवळ दोन तास आधी मान टाकत होते. बोभाटा झाल्यावर ॲपलने खुलासा केला. अशा चाचण्या चिपला सतत पूर्ण ताकदीने पळवतात, तसा फोन कुणी वापरत नाही. रोजच्या वापरात सुट्या भागांमधला फरक धरूनही बॅटरी कमी-जास्त चालते ती फक्त २ ते ३ टक्क्यांनी.

ग्राहक म्हणून या खुलाशावर नाक मुरडता येईल. पण क्षणभर विचार केला तर तोंडात बोट जातं. दोन परक्या कंपन्या, दोन निराळ्या कृती, प्रत्येक चिपवर अब्जावधी ट्रान्झिस्टर, आणि एवढं होऊनही दोन फोन हातात घेतले तर कुठला कुणाचा हे सांगता येऊ नये! ‘एवढे पैसे मोजूनही माल सारख्या प्रतीचा का नाही?’ हा प्रश्न आपण चिडून विचारतो. त्याचं उत्तर शोधत कारखान्यात शिरलं की कळतं, की सारखं काही बनतच नाही. कारखाना फक्त फरकाला वेसण घालतो. महागड्या वस्तूच्या किमतीतला बराच हिस्सा या वेसणीचा असतो आणि ती कुठे सैल सुटली की आपल्याला ‘खराब पीस’ लागतो.

अणू मोजून टाकता येत नाहीत

चिप तयार होते सिलिकॉनच्या गोल, आरशासारख्या गुळगुळीत चकतीवर. तिला वेफर म्हणतात आणि मोठ्या कारखान्यांत तिचा व्यास ३०० मिलिमीटर असतो. ए९ एवढ्या आकाराच्या पाच-सहाशे चिप्स एका चकतीवर बसतात. चकतीवर थर चढवायचे, प्रकाशाने नक्षी उमटवायची, नको तो भाग कोरून काढायचा, पुन्हा थर चढवायचा, अशा शेकडो पायऱ्यांतून ती कित्येक आठवडे फिरत राहते. यातली एकही पायरी चकतीच्या मध्यावर आणि कडेला अगदी तंतोतंत सारखी होत नाही. थर कुठे किंचित जाड पडतो, कोरणी कुठे किंचित खोल जाते. त्यात एखादा धुलिकण नेमका नको तिथे बसला, तर ती चिप गेलीच.

याहून मूलभूत अडचण अणूंची आहे. सिलिकॉनच्या स्फटिकात जी रचना पुन्हा पुन्हा येते, तिची बाजू अर्ध्या नॅनोमीटरहून थोडीशीच जास्त भरते. शुद्ध सिलिकॉन वीज नीट वाहून नेत नाही, म्हणून त्यात बोरॉन, फॉस्फरस अशा मूलद्रव्यांचे अणू पेरावे लागतात. ट्रान्झिस्टर मोठे होते तेव्हा एकेकाच्या वाट्याला हजारो अणू यायचे आणि दहा-वीस कमी-जास्त झाले तरी कुणाला पत्ता लागत नसे. ट्रान्झिस्टर आक्रसत गेले तशी ही पेरणी काही डझन अणूंवर आली. आता एकाला चाळीस आणि शेजारच्याला पस्तीस मिळाले, तर दोघे निरनिराळ्या व्होल्टेजला चालू होतात. अणू मोजून टाकायची सोय नाही. ते वरून शिंपडले जातात आणि जिथे पडायचे तिथे पडतात.

परिणाम असा, की एकाच चकतीवरच्या, एकाच दिवशी जन्मलेल्या चिप्सचेही स्वभाव वेगळे निघतात. एखादी कमी व्होल्टेजवर भन्नाट पळते, दुसरी तेवढंच काम करायला जास्त वीज खाते आणि तापते, तिसरीचा एखादा कोपरा मुळातच मेलेला असतो. सगळ्यांत चांगल्या तेवढ्या ठेवून बाकी फेकायच्या म्हटलं, तर चिपची किंमत कुणाच्या खिशाला परवडायची नाही. म्हणून प्रत्येक चिपची परीक्षा घेऊन प्रतवारी लावतात. कोकणातल्या बागेत एकाच झाडावरून उतरवलेला हापूस असाच निवडला जातो. पेटी तेवढीच, पण मोठं फळ चार डझनांच्या पेटीत जातं, लहान सहा डझनांच्या, आणि भाव त्याप्रमाणे लागतो. चिप्सच्या बाबतीत फरक इतकाच, की पेटी उघडूनही गिऱ्हाइकाला फळाचा आकार दिसत नाही.

या प्रतवारीच्या खुणा एकदा कळल्या की जागोजागी दिसू लागतात. सोनीच्या प्लेस्टेशन ३ मधल्या ‘सेल’ नावाच्या प्रोसेसरवर आठ मदतनीस गाभे कोरलेले होते. प्रत्यक्षात वापरले जात सात, म्हणजे एखादा बिघडलेला निघाला तरी चिप वाया जाऊ नये. २०२० च्या मॅकबुक एअरमध्ये एम१ चिप आली. तिच्यावर चित्रांचं काम करणारे आठ गाभे होते, पण सगळ्यांत स्वस्त मॉडेलमध्ये सातच चालू ठेवलेले होते.

सगळ्यांत बहार आणली ती एएमडीच्या तीन गाभ्यांच्या प्रोसेसरने. २००९ मध्ये आलेल्या ‘फेनम २ एक्स३’मध्ये गाभे कोरलेले होते चार; त्यातला एक बंद करून तो तीन गाभ्यांचा म्हणून स्वस्तात विकला जात होता. मदरबोर्डच्या बायॉसमधली एक सोय वापरून चौथा गाभा जागा करता येतो, हे लोकांना कळलं. काहींचा गाभा खरोखर जागा झाला आणि ठणठणीत चालला. काहींचा संगणक सुरूच होईना, कारण त्यांचा चौथा गाभा मुळातच सदोष होता. ज्यांचा चालला त्यांचा बंद का केला होता? तर स्वस्त प्रोसेसरला गिऱ्हाईक जास्त आणि बिघडलेल्या चिप्स कमी, म्हणून धडधाकट चिपचाही एक हात बांधून ती खालच्या प्रतीत घातली गेली.

नखाएवढा डबा आणि लाखो संगणक

चिपची गोष्ट निदान दिमाखदार आहे. पण महागड्या यंत्राचा जीव कित्येकदा अशा भागात अडकलेला असतो, ज्याची किंमत चहाच्या कपाइतकीही नसते. संगणकाच्या मदरबोर्डवर किंवा टीव्हीच्या पॉवर सप्लायवर उभे असलेले छोटे गोल डबे तुम्ही पाहिले असतील. ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. वीज साठवायची आणि तिचे चढउतार सपाट करायचे, हे त्यांचं काम.

एक डबा उघडून बघू. आत ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या, त्यांच्यामध्ये कागद आणि या सगळ्याची घट्ट गुंडाळी. कागद एका द्रावणात भिजवलेला. पट्टी दिसायला गुळगुळीत, पण रसायनाने खरवडून तिला असंख्य सूक्ष्म भोकं पाडलेली असतात, कारण पृष्ठभाग जितका जास्त तितकी वीज जास्त मावते. या भोकांच्या आतूनही ॲल्युमिनियम ऑक्साइडचा एक थर चढवलेला असतो. हीच खरी भिंत. तिची जाडी असते व्होल्टमागे जेमतेम दीड नॅनोमीटर. म्हणजे दहा व्होल्ट अडवणारी भिंत पंधराएक नॅनोमीटरची! आणि ती स्वतःची डागडुजी करते. थराला कुठे बारीकशी खोट आली, तर द्रावणातून ऑक्सिजन मिळून तिथे नवा ऑक्साइड धरतो.

मेख आहे ती त्या द्रावणात. पाणी घातलं की द्रावण स्वस्त पडतं आणि विजेला कमी विरोध करतं, जे आजच्या वेगवान प्रोसेसरना हवंच असतं. पण मोकळं सुटलेलं पाणी ॲल्युमिनियमवर तुटून पडतं. धातूचा हायड्रॉक्साइड बनतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. हे होऊ नये म्हणून द्रावणात पाण्याला आवर घालणारी रसायनं मिसळावी लागतात. ती चुकली तर वायू साठत जातो आणि डबा फुगतो. डब्याच्या डोक्यावर इंग्रजी ‘एक्स’ किंवा ‘के’ अक्षरासारख्या खाचा असतात, त्या शोभेच्या नव्हेत. स्फोट होण्याऐवजी डबा तिथे उलावा आणि वायू निघून जावा, यासाठी त्या मुद्दाम पाडलेल्या असतात.

साधारण १९९९ पासून पुढची सात-आठ वर्षं जगभर हे डबे असेच फुगू लागले. बरेचसे तैवानमध्ये बनलेले होते. त्या काळी उद्योगाच्या नियतकालिकांत हकिगत छापून आली ती अशी, की जपानी कंपनीतून बाहेर पडलेल्या एका तंत्रज्ञाकडचं द्रावणाचं सूत्र पुढे दुसऱ्यांनी पळवलं, पण ते अपुरं होतं. चोरीची कहाणी कितपत खरी हा भाग सोडला, तरी फुगलेल्या डब्यांच्या तपासणीत पाण्याला आवर घालणारी द्रव्यं गायब असल्याचं आढळलं.

तैवानचा माल स्वस्त म्हणून खराब आणि जपानी माल महाग म्हणून चांगला, असा निष्कर्ष काढायचा मोह होईल. डेलच्या ऑप्टिप्लेक्स संगणकांनी तोही मोडून काढला. त्यांच्यातले फुगणारे कपॅसिटर निचिकॉन या नावाजलेल्या जपानी कंपनीचे होते. पुढे न्यायालयात उघड झालेल्या कागदपत्रांनुसार, मे २००३ ते जुलै २००५ या काळात डेलने धोका असलेले किमान १ कोटी १८ लाख संगणक विकले. दुरुस्तीपोटी कंपनीला ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातले संगणक बंद पडू लागले, तेव्हा विभागाला डेलकडून मिळालेलं उत्तर तर जपून ठेवण्यासारखं आहे. अवघड गणितं करायला लावल्यामुळे संगणकांवर ताण आला, असं त्यांना सांगण्यात आलं!

चांगला कपॅसिटर आणि बेताचा कपॅसिटर यांतला फरक डब्याच्या वेष्टनावर छापलेला असतो, तो म्हणजे ८५ किंवा १०५ अंश सेल्सिअस. दोन्हींचं आयुष्य त्या-त्या तापमानाला २,००० तास आहे असं धरा. तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा ढोबळ नियम आहे. यंत्राच्या पोटात ६५ अंश असतील, तर पहिला डबा सुमारे ८,००० तास टिकेल आणि दुसरा ३२,००० तास. यंत्र दिवसरात्र चालू असेल तर एक अकरा महिन्यांत, दुसरा साडेतीन वर्षांहून जास्त. दोघांच्या किमतीत फरक काही पैशांचा, फार तर रुपया-दोन रुपयांचा. लॅमिंग्टन रोडवरचा किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळचा मुरलेला कारागीर बोर्ड हातात आला की मीटर नंतर काढतो. आधी या डब्यांची डोकी सपाट आहेत का ते बघतो.

एक फोन, दोन बॅटऱ्या, दोन खोटी

ऑगस्ट २०१६ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी नोट ७ आणला. भारतात त्याची किंमत जाहीर झाली होती ५९,९०० रुपये. सप्टेंबरात तो इथे दुकानांत यायचा होता, पण त्याआधीच परदेशांत फोन पेटल्याच्या तक्रारी येऊ लागल्या आणि सॅमसंगने सुमारे २५ लाख फोन परत बोलावले. भारतात विकला न गेलेला हा फोन भारतीय विमानांत मात्र गाजला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने प्रवासात तो सुरू करायला, चार्ज करायला आणि चेक-इन सामानात टाकायला मनाई केली.

फोनच्या बॅटऱ्या दोन कंपन्यांकडून घेतल्या होत्या. पेटत होत्या त्या पहिल्या पुरवठादाराच्या. म्हणून सॅमसंगने दुसऱ्याच्या बॅटऱ्या घालून फोन बदलून दिले. आणि बदलून दिलेले फोनही पेटले! ऑक्टोबरमध्ये नोट ७ कायमचा बंद झाला.

जानेवारी २०१७ मध्ये सॅमसंगने तपासाचा निष्कर्ष मांडला. सुमारे ७०० जणांनी दोन लाखांहून जास्त फोन आणि तीस हजारांहून जास्त बॅटऱ्या तपासल्या होत्या. लिथियम बॅटरीत धन आणि ऋण अशा दोन पट्ट्यांमध्ये प्लास्टिकचा एक पडदा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास भरते आणि दोन पट्ट्या एकमेकींना न भिडणं सगळं त्याच्यावर अवलंबून असतं. पहिल्या पुरवठादाराच्या बॅटरीत वरच्या उजव्या कोपऱ्यात जागा अपुरी होती, त्यामुळे तिथे ऋण पट्टी वाकत होती. दुसऱ्याच्या बॅटरीत पट्टी दुरुस्त होती, पण वेल्डिंग करताना धातूचे टोकदार कण उरले होते. ते टोचून पडदा फाटत होता. काही बॅटऱ्यांत तर विजेपासून बचाव करणारी चिकटपट्टीच लावायची राहून गेली होती. एकाच फोनला एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या दोन चुका नडल्या. बदली म्हणून आलेल्या बॅटरीची मागणी एकदम वाढली आणि घाईघाईने उत्पादन वाढवताना तिच्यातली खोट उघडी पडली.

मग एकाच भरवशाच्या कारखान्याकडून सगळा माल का घेत नाहीत? कारण तीन दिवसांत सव्वा कोटी फोन विकायचे असतील, तर तेवढे भाग पुरवणारा एक कारखाना सहसा नसतो. असला तर तो भावात ऐकत नाही. आणि त्याच्यावर आपत्ती आली तर सगळंच ठप्प. २०११ मध्ये थायलंडमध्ये महापूर आला आणि जगभर हार्ड डिस्कचा तुटवडा होऊन भाव चढले, हे या धंद्याने पाहिलेलं आहे. दोन पुरवठादार असणं हा विमा आहे. त्याचा हप्ता कधीकधी ग्राहक भरतो.

२०१७ मध्ये गूगलचे पिक्सेल २ आणि पिक्सेल २ एक्सएल एकत्र आले. लहान फोनचा पडदा सॅमसंगचा, मोठ्याचा एलजीचा. अमेरिकेत लहान फोन ६४९ डॉलरला, मोठा ८४९ डॉलरला. आणि तक्रारी आल्या त्या महागड्या फोनच्या पडद्याबद्दल. थोडा तिरका धरला की निळसर झाक येई आणि थोड्याच दिवसांत स्थिर चित्राचा पुसट ठसा पडद्यावर उमटू लागे. गूगलने हमी दोन वर्षांपर्यंत वाढवली. आदल्या वर्षी आयफोन ७ मध्ये मोडेमची दोन घराणी होती. क्वालकॉमची चिप सेकंदाला ६०० मेगाबिटपर्यंत पळू शकत होती, इंटेलची ४५० पर्यंत. ब्लूमबर्गने बातमी दिली, की क्वालकॉमच्या चिपची पूर्ण ताकद ॲपलने वापरलीच नाही. म्हणजे दोन पीस सारखे करायचे तर वेगवानाला लगाम घालायचा, हाही एक मार्ग असतो.

साठवणीच्या एसएसडीत तर नाव तेच ठेवून मागाहून आतले भाग बदलल्याचे प्रकार २०२१ मध्ये गाजले. वेस्टर्न डिजिटलच्या एका लोकप्रिय एसएसडीचा वेग मोठी फाइल लिहिताना पूर्वीपेक्षा बराच खाली येतो, असं चाचण्यांत दिसलं. पहिल्या लॉटची परीक्षणं वाचून नंतरचा लॉट विकत घेणाऱ्यांना वेगळाच माल मिळाला होता. कंपनीने बदल कबूल केला आणि यापुढे असा बदल केला तर मॉडेल क्रमांकही बदलू, असं सांगितलं.

सोनीच्या दोन कारखान्यांचं कोडं

फरक टळत नाही, तर किती फरक चालवून घ्यायचा? उद्योगाने यावर काढलेला तोडगा म्हणजे मर्यादा आखायची. आतला तो पास, बाहेरचा तो नापास. संगणकाच्या पडद्यांसाठी २००१ मध्ये आलेल्या आयएसओ मानकात वर्गच पाडलेले होते. दुसऱ्या वर्गातल्या पडद्यात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन कायम पेटलेले, दोन कायम विझलेले आणि पाच अर्धवट बिघडलेले चालत. आजच्या ४के पडद्यावर ८२,९४,४०० पिक्सेल असतात आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन ठिपके. म्हणजे जवळजवळ अडीच कोटी ठिपके. त्या जुन्या हिशोबाने अशा पडद्यावर सोळा पिक्सेल कायम पेटलेले राहिले, तरी तो ‘पास’ ठरला असता!

मर्यादेच्या आत सगळं आलं की काम झालं, या समजुतीला धक्का दिला जपानच्या गेनिची तागुची यांनी. या माणसाचा भारताशी जवळचा संबंध आहे. १९५४-५५ मध्ये ते कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या या संस्थेच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्ये वॉल्टर शूहार्टही भारतात येऊन गेले होते. कारखान्यातला नेहमीचा, अटळ फरक आणि काहीतरी बिघडल्यामुळे पडलेला फरक यांची फारकत करणारा आलेख याच शूहार्टनी १९२४ मध्ये अमेरिकेत टेलिफोनच्या धंद्यात काम करताना आखला होता.

तागुची एक उदाहरण आवर्जून देत. ते असाही शिंबुन या दैनिकात १७ एप्रिल १९७९ रोजी छापून आलं होतं. सोनीचे रंगीत टीव्ही दोन ठिकाणी बनत, जपानमध्ये आणि अमेरिकेतल्या सॅन डिएगोत. आराखडा एक, रंगाच्या गडदपणाची मर्यादा एक. सॅन डिएगोतून मर्यादेबाहेरचा एकही टीव्ही जवळपास बाहेर पडत नसे. जपानच्या कारखान्यातून मात्र हजारात तीनेक टीव्ही मर्यादेबाहेरचे निघत. कागदावर अमेरिकेतला कारखाना वरचढ. गिऱ्हाइकांना मात्र जपानी बनावटीचे टीव्ही जास्त पसंत पडत.

कोड्याचं उत्तर आकडे कसे पसरलेत यात होतं. जपानचे बहुतेक टीव्ही नेमक्या हव्या त्या रंगाच्या जवळपास गोळा झालेले होते. दूर गेलेले थोडे. सॅन डिएगोचे टीव्ही मर्यादेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखेच विखुरलेले, म्हणजे काठावर पास झालेल्यांची संख्या मोठी. काठाच्या आतला आणि बाहेरचा टीव्ही शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळत नाही, पण कागदावर एक उत्तम आणि दुसरा भंगार! तागुचींनी सांगितलं, की नुकसान मर्यादा ओलांडल्यावर सुरू होत नाही. लक्ष्यापासून ढळलं की लगेच सुरू होतं आणि ढळणं दुप्पट झालं तर नुकसान चौपट होतं.

महागड्या वस्तूंबद्दलची आपली तक्रार या हिशोबात नेमकी बसते. कंपनी म्हणते, माल तपशिलाप्रमाणे आहे. ते बहुतेक वेळा खरंही असतं. आपण म्हणतो, मित्राचा फोन याहून चांगला आहे. तेही खरं असतं. एक पीस मधोमध पडलेला असतो, दुसरा काठावर पास झालेला. आपण पैसे मोजतो ते मधल्या पीसचं कौतुक वाचून, आणि कंपनी हमी देते ती काठाची. चांगली कंपनी कोणती, याचं माझं उत्तर तागुचींच्या बाजूचं आहे. जिचा काठावरचा पीसही मधल्या पीसच्या जवळपास असतो, तीच जास्त पैसे घ्यायला लायक. नावावरून किंवा किमतीवरून हे कळत नाही. बरेच पीस तपासले तरच कळतं.

म्हणून नवी वस्तू घरी आली की कौतुक दोन दिवस बाजूला ठेवा आणि तिला राबवा. पडद्यावर संपूर्ण पांढरं, करडं आणि काळं चित्र लावून अंधारात नीट बघा. बॅटरी पूर्ण भरून पूर्ण उतरवा आणि चार्जिंगला किती तापते ते पाहा. प्रत्येक बटण, प्रत्येक पोर्ट, दोन्ही स्पीकर तपासा. एसएसडी असेल तर एखादी भलीमोठी फाइल लिहून पाहा. तपशिलात जिथे ‘पर्यंत’ हा शब्द दिसेल, तिथे तो आकडा कमाल आहे, हमीचा नाही, हे ध्यानात ठेवा. परीक्षण वाचताना पूर्ण मॉडेल क्रमांक आणि तारीख बघा. बिल जपा, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तुम्ही वाचलेलं परीक्षण दुसऱ्याच कुठल्या तरी पीसचं असतं. तुमच्या पीसचं परीक्षण तुम्हालाच करायचं आहे, आणि तेही परतीची मुदत संपायच्या आत.